एकाच माणसाची होडी

— नाही हो, गाडीचं शेड नाही ते, होडीचं आहे! गाडी उन्हात भाजते आणि होडी सावलीत झोपते, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. या, असे या, चपला राहू द्या. सुजीतभाऊच ना तुम्ही, हॉटेलांचं इंटिरियर करणारे? समोरच्या व्हिलातली मुग्धा म्हणाली, मैमुनाबी, आमच्या ओळखीत एक पुण्याचे आहेत, त्यांना जुन्या लाकडी वस्तू लागतात. म्हटलं, वस्तू कसली, अख्खी बला आहे, पाठव लगेच! यल्ला, बघा पटकन. आमचे हे फिजिओथेरपीला गेलेत — सफा घेऊन गेलीय, आमची मुलगी — बारापर्यंत येतील, त्याच्या आत ही गेटाबाहेर गेली पाहिजे. पैसे? एक दिरहम देऊ नका. उगाच रुपयात किती झाले ते मोजत बसाल. फुकट न्या, पण न्या.

बुटकी वाटते? बुटकीच असते ही. बदकं मारायची होडी आहे. हसा, हसा, अख्खी खलिफा सिटी हसते. इथे बदक कुठे मिळतं? सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये, आणि त्याला होडी लागत नाही. यांचे वडील आमच्या श्रीवर्धनकडे खाडीत शिकारीला जायचे — थंडीत रानबदकं उतरायची, तेव्हा बंदी नव्हती — तर होडी अशी चिखलाच्या रंगाची, पाण्याला टेकलेली, आणि शिकारी आत पालथा पडून दोन्ही हातांनी पाणी लोटत पुढे सरकणार, म्हणजे बदकांना वाटावं ओंडका वाहत आलाय. आता तिकडेही बंदी, इकडेही बंदी. आणि आमचे हे, हारुन मिस्त्री, एवढे शूर, की बकरी ईदला बकऱ्याकडे पाठ करून उभे राहतात! पण होडी पाहिजे. लोक इथून गावाला टीव्ही नेतात, सोनं नेतात. यांनी गावाहून इथे काय आणलं? बापाच्या होडीचं कुजकं लाकूड. कंटेनरमधून! कस्टमवाल्यानेसुद्धा दोनदा विचारलं म्हणे, हबीबी, नक्की हेच का?

आयुष्यभर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी बोटी दुरुस्त केल्या यांनी. मी गावाला, हे इथे, दोन वर्षांनी महिनाभर यायचे — गल्फवाल्याचं लग्न, सांगायला नको. सफाला इथे नोकरी लागली, तिने मला बोलावून घेतलं, हे रिटायर झाले, म्हटलं आता माणूस घरात बसेल, दोन शब्द बोलेल. कुठलं काय! कुजकी फळी काढ, सागाची नवी बसव, फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोक — दिवसभर ठक ठक ठक. मी चहा घेऊन उभी, तर म्हणतात, कप फळीवर ठेवू नको, डाग पडेल. एक दिवस विचारलं, अहो, यात मी कुठे बसायचं? तर म्हणे, ही एकाच माणसाची असते. एकाच माणसाची! तू काठावर डबा घेऊन उभी राहा. आता सांगा, राग येणार नाही? मला अजून येतो.

अहो, ते गोणपाट कशाला उचलताय — ओलं आहे? असेल. एसीचं पाणी ठिबकत असेल. एसी त्या बाजूला आहे? मग नळ गळत असेल. तुम्ही इंटिरियरवाले आहात की पोलीस? या उन्हात लाकूड वाळतं, फळ्या आकसतात, फटी उघडतात, म्हणून रोज ओलं गोणपाट टाकावं लागतं, दुपारी पुन्हा पाणी मारावं लागतं. ते सगळं हे करायचे. रमजानच्या आधी यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. मग आता कोण करणार? मी कशाला करू, मला काय पडलंय? — बरं, टाकते पाणी. भाज्या धुतलेलं पाणी कुठेतरी फेकायचंच असतं ना.

हसू नका. ऐका. थंडी पडली की हे होडी पाण्यात घालणार आहेत. इथल्याच खाडीत, तिवरांमध्ये. एका हाताने! सफा म्हणते, "अब्बा, आर यू सीरियस? नो वे!" — आणि हे हसतात, आता अर्ध्याच तोंडाने हसता येतं, तरी हसतात, म्हणतात इन्शाल्ला. पालथा पडलेला माणूस, एक हात निकामी, होडी उलटली तर? मला भीती वाटते हो. इतकी वर्षं हा माणूस मी समुद्राला दिला, आता उरलासुरला परत आलाय, तो नाही द्यायचा मला. म्हणून म्हणते, न्या. आल्यावर ते ओरडतील, जेवणार नाहीत, ते माझं मी बघते.

तर ठेवणार कुठे तुम्ही? हॉटेलच्या दारात? वा. आणि आत बर्फ? बर्फावर पापलेट, कोळंबी? छान, बापाने बदकं मारली, आता पापलेटांची वरात! फोटो काढतील लोक. आणि बर्फ वितळलं की — काय म्हणालात? तळाला भोक? केवढं?

नाही, थांबा. टेप ठेवा खिशात. होडीचं टोक खाली ठेवा, आधी खाली ठेवा! भोक पाडलं की ही कधीच तरंगणार नाही, हे कधीच जाणार नाहीत, एवढं काय मला कळत नाही? ड्रिल त्या कपाटात आहे. कितीदा हातात घेऊन इथे उभी राहिलेय मी. भोक पाडता आलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं, सुजीतभाऊ?

खलास. नाही द्यायची. मुग्धाला सांगा, म्हातारी वेडी आहे.

हॉर्न वाजला — सफाची गाडी! आज लवकर सोडलं वाटतं. गोणपाट टाका, टाका परत, नीट पसरा, कोपरे ओढा. तुम्ही पत्ता चुकून आलात, काय? आणि त्यांनी विचारलंच ओलं कसं, तर एसीचं पाणी म्हणा. मीही रोज तेच सांगते. एसी त्यांनीच बसवलाय, कुठे आहे ते त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण पुढे काही विचारत नाहीत. जा आता. गेट ओढून घ्या.