मी आपला वजन म्हणून गेलो होतो!

...आणि वर मलाच विचारतात हो, 'काय बिंदुराव, समुद्रात मजा आली का?' मजा! अहो, पाठीचं कातडं सोललंय, दोन्ही मांड्यांवर पट्ट्याचे वळ उठलेत, डाव्या कानात अजून अर्धा समुद्र आहे, मान वळवली की आत खळखळतो... आणि म्हणे मजा! तुम्हाला सांगतो, मजा करायला जाणारा माणूस वेगळा. मी मजा करायला गेलो नव्हतो, बोट चालवायला गेलो नव्हतो, बेट बघायलाही गेलो नव्हतो. मी आपला वजन म्हणून गेलो होतो!

हसू नका. खरं सांगतोय. आमचा मेव्हणा नंदकिशोर, सुलभाचा धाकटा भाऊ, तुम्ही पाहिलाय, विमानाच्या कचेरीत पंखांची गणितं करतो. मीही त्याच कचेरीत, पण मी ड्रॉइंगच्या टेबलावर. तो गणित करणार, मी रेघ मारणार. घरीही तेच! सासूबाई गेल्या तेव्हा हा चार वर्षांचा, त्यामुळे सुलभाच त्याची आई. लग्नात लोकांना भांडी मिळतात, मला मेव्हणा मिळाला. आता सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, तरी सुलभा त्याच्या भातावर तूप वाढताना वाटी उपडी करते, आणि माझ्या भातावर नुसती दाखवते.

तर या नंदूनं बेंगळुरात आमच्या बसवनगुडीच्या घरामागे, पेरूच्या झाडाखाली, दोन वर्षं खपून एक बोट बांधली. शर्यतीची. शिडाची. चौदा फूट लांब आणि जाडी? पापड! पोह्याचा नव्हे, उडदाचा. बोट ठोठावली तर 'टण्' वाजायची. मी विचारलं, 'नंदू, एवढी पातळ?' तर म्हणतो, 'दाजी, वेग म्हणजे काय? वजन नसणं!' आणि बोट इतकी हलकी केल्यावर त्याच्या लक्षात काय आलं? की वारा लागला की ही आडवी होते! मग तिला सरळ ठेवायला एका बाजूला काहीतरी जड पाहिजे. जड, पण हलवता येणारं. सांगितलं की इकडून तिकडे सरकणारं. सुट्टी शिल्लक असलेलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं हो. जेवताना. मी तिसरी पोळी घेत होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पार्सलच्या काट्यावर मला उभा केला. चौऱ्याऐंशी किलो! आता बघा, जन्मभर मी सव्वादोन मण होतो, कुणाला काही वाटलं नाही. सव्वादोन म्हणजे काय, चिल्लर! सरकारनं हे दशमान काढलं आणि माणसाचा एकदम चौऱ्याऐंशी झाला. नंदू तर हरखून गेला. 'दाजी, तुम्ही उपयोगी वजन आहात!' लग्नाला पंधरा वर्षं झाली, या घरात मला कुणी उपयोगी म्हणायची ही पहिलीच वेळ... आणि मी भुललो! तिथंच भुललो!

सहा महिने हलसूरच्या तळ्यात तालीम. काठावर बसायचं, पाय पट्ट्यात अडकवायचे आणि पाठ पाण्यावर टाकायची. 'दाजी बाहेर! दाजी आत! दाजी बाहेर! दाजी, अर्धे बाहेर!' अर्धा बाहेर म्हणजे कुठला अर्धा, हे विचारायची सोय नाही. तासभर झाला की बोटीचं नाक काठाला लावायचं, वीतभर वर ओढायचं, आणि समोर जाऊन इडली खायची. परत येऊन बघावं तर बोट तिथंच. तळंच ते, जाणार कुठं? हे जरा लक्षात ठेवा, मला त्या वेळी ठेवता आलं नाही.

आणि मग एक दिवस नंदू म्हणाला, 'तळं पुरे. कारवारला जायचं. समोर बेटं आहेत, त्यातलं लांबचं गाठायचं. एवढ्याशा बोटीतून, उघड्या समुद्रातून!' सुलभाच्या हातातलं भांडं पडलं. कारण तुम्हाला सांगायचं राहिलं, या आमच्या नावाड्याला पोहता येत नाही! हो! बेंगळुरात वाढलेला, पाणी बघितलं ते नळाचं. मी सांगलीचा, कृष्णेच्या पुरात उड्या मारलेला, पण मला कोण विचारतो? निघताना सुलभा मला फाटकाशी घेऊन गेली, माझा हात धरला, पंधरा वर्षांत रस्त्यावर कधी धरला नव्हता, आणि म्हणाली, 'अहो, तो ऐकत नाही. मला दुसरं कोणी माहेर नाही. त्याला जसाच्या तसा परत आणा.' 'आणतो' म्हटलं. म्हणजे हेही माझ्याच अंगावर! मी आपला वजन म्हणून चाललो होतो हो!

बोट लॉरीवर चढवली. तर ती इतकी हलकी की लॉरी पळायला लागली की ही उडणार! ड्रायव्हर म्हणाला, 'स्वामी, मेले स्वल्प वेट इडबेकु.' वर थोडं वजन ठेवायला हवं! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंदू पुढं ड्रायव्हरशेजारी गादीवर, आणि मी मागं, उघड्या लॉरीत, बोटीत बसून! तुमकूर, दावणगेरे, हावेरी... सव्वातीनशे मैल मी जमिनीवरून बोटीत बसून गेलो. चहाला थांबलं की गाव गोळा. 'एल्लिगे स्वामी?' कुठं निघालात? मी म्हणायचो, समुद्राला. एक म्हातारी आजी मला हात जोडून म्हणाली, 'होगी बा अप्पा,' जाऊन ये बाबा, आणि माझ्या हातावर एक केळं ठेवलं. तेवढीच काय ती माणुसकी.

कारवारला किनाऱ्यावर नंदूनं शेवटची झडती घेतली. सुलभानं दिलेला पितळी डबा? 'सव्वा किलो! काढा.' दशम्या केळीच्या पानात. माझी छत्री? काढा. चपला? काढा. चष्म्याचं घर? काढा. मग त्यानं नांगर उचलला. 'नऊ किलो! वर दोराचं वजन वेगळं. तळ्यात कधी लागला का?' नाही लागला. 'मग काढा.' तिथं एक कोळी जाळं विणत बसला होता, तो मान वर करून नांगराकडे बघतोय, आमच्याकडे बघतोय, परत नांगराकडे बघतोय... बोलला काही नाही. अशी माणसं बोलत का नाहीत हो वेळेवर?

आणि निघालो. मी खोटं बोलणार नाही, सुटली बोट! सकाळचा वारा जमिनीवरून, पाठीशी, आणि ती पापडी अशी पळाली की किनारा बघता बघता मागं. पण तळ्यातलं पाणी शहाणं असतं, पडून असतं. हे उठायचं! एकेक लाट अशी यायची की समोर नुसती भिंत, मग आम्ही भिंतीवर, मग खाली खड्डा. 'दाजी बाहेर!' बाहेर समुद्र. 'दाजी आत!' आतही समुद्र. दोन तास मी पाठीवर लाटा घेतोय, डोकं खाली, पाय पट्ट्यात, आभाळ बघतोय, आणि मनात एकच, याला काही होऊ नये, याला काही होऊ नये... आणि तो? तो गात होता हो!

बेट आलं. छोटीशी वाळू, मागं खडक, माणूस नाही. दोघांनी सवयीनं काय केलं? बोटीचं नाक वाळूला लावलं, वीतभर वर ओढलं आणि गेलो सावलीला, दशम्या खायला. हलसूर! दोन शिकलेली माणसं, एक गणितवाला, एक ड्रॉइंगवाला, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की समुद्राला भरती येते! शाळेत शिकलोय. चंद्राची आकृतीही काढलीय मी, चांगले गुण मिळाले होते. पण आकृती वेगळी आणि चंद्र वेगळा.

दशमी संपवून नंदू उठला आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, 'दाजी... बोट.'

बोट निघाली होती. पाणी वर आलं, तिला अलगद उचललं, वारा दुपारचा फिरला होता, आणि ती एकटीच, शीड उतरवलेलं, अगदी शांतपणे कारवारकडे घरी चालली होती. साठ-सत्तर वार गेली असेल. नंदूचं तोंड पांढरं पडलं. मला समोर बोट दिसत नव्हती, मला आमचं फाटक दिसत होतं. जसाच्या तसा परत आणा. अन्न नाही, पाणी नाही, या पोराला इथून नेणार कशातून? मी सदरा काढला आणि उडी मारली.

गाठली हो मी तिला! बेचाळीस वर्षांचा, चौऱ्याऐंशी किलोचा, पण कृष्णेचा हात अजून आहे. गाठली, आणि चढायला गेलो तर ती आडवी! या बाजूनं गेलो, आडवी. त्या बाजूनं, आडवी. तिला तोल द्यायला वजन आत लागतं, आणि वजन तर बाहेर लोंबतंय! मग मागं धरून राहिलो. तर काय झालं, माझ्या ओझ्यानं तिचं वाहणंच मंदावलं. नऊ किलोचा नांगर किनाऱ्यावर ठेवला होता आणि चौऱ्याऐंशी किलोचा लागला होता! मागनं हाक आली, 'दाजी, सोडा तिला! जाऊ दे बोट! दाजी, परत या...' दोन वर्षं खपलेली बोट, पेरूची फळं पडून ओरखडा येईल म्हणून रात्री गोधडी घालायचा तिला, आणि पोरगा म्हणतोय जाऊ दे. मला रडू आलं. खरंच आलं. समुद्रात असल्यानं कुणाला कळलं नाही एवढंच. पण सोडली नाही. सोडून कसं चालेल?

किती वेळ लोंबकळलो, देव जाणे. मग एक होडी आली. तोच सकाळचा जाळंवाला, सोयरू हरिकंत्र त्याचं नाव. आमचा नांगर किनाऱ्यावर बघून त्याला चैन पडली नव्हती. मला वर ओढताना दोघं गडी लागले. शांतपणे म्हणाला, 'दर्याक भरती येता, तुमकां खबर ना?' समुद्राला भरती येते, ठाऊक नाही तुम्हाला? मी म्हटलं, आमच्या तळ्याला येत नाही. त्यानं विडी पेटवली.

आमची बोट होडीमागं बांधून बेटावर आलो तर नंदू छातीभर पाण्यात उभा! पोहता न येणारा, माझ्या मागं जेवढं येववलं तेवढा आत आलेला. मला मिठी मारून असा रडला, अकरा वर्षांचा असताना आमच्या लग्नानंतर रडला होता तसा. मी म्हटलं, 'गप रे. उगाच वजन वाढवू नकोस.'

घरी पोचलो. वाटलं, आता तरी आपलं कौतुक. सुलभानं त्याला पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, सगळी कथा ऐकली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'त्याला पोहता येत नाही हे माहीत होतं ना? मग त्याला एकट्याला बेटावर टाकून तुम्ही पोहायला गेलातच कसे?' पोहायला! मी म्हटलं, चुकलं. मी आपला वजन म्हणून गेलो होतो, मला काय कळतंय.

मग हळूच म्हणाली, 'मी बनशंकरीला नवस बोललेय. नंदू सुखरूप आला तर गुळाची तुला करीन.' म्हटलं, कर, चांगलं आहे, बसव त्याला तराजूत. तर म्हणते, 'त्याची नाही हो, तुमची. तो बावन्न किलो, देवीसमोर बरं दिसतं का?'

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, अगं, तिथंही मीच? आणि त्याच्यासाठी नवस, माझ्यासाठी काय बोललीस? तर पदरानं डोळे पुसत म्हणते, 'तुमच्यासाठी वेगळं कशाला? तुम्ही परत आला नसतात तर तराजूत बसलं कोण असतं? देवीला तेवढं कळतं.'

...म्हटलं, बसतो. तेव्हा शुक्रवारी या सगळे बनशंकरीला. नंदूनं तराजूचं ड्रॉइंग केलंय, म्हणजे मीच केलंय. प्रसाद भरपूर आहे, चौऱ्याऐंशी किलो गूळ... नाही, थांबा, सुलभानं कालपासून माझा भात बंद केलाय. ऐंशी धरा.