कंपनीचे रॉड

ताई : मी एवढंच विचारलं, की आज सरावाला ट्रॅकवर गाडी अशी का झेपावली. यात तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघण्यासारखं काय आहे?

धाकटा : मी दाजींकडे नाही बघत, ताई. भिंतीवरच्या पान्यांकडे बघतोय.

ताई : पाने बघून झाले की सांग.

दाजी : अगं, हवा थंड असली की इंजिन जरा जास्त ओढतं.

ताई : अहो, बायको आहे म्हणून काहीही खपवाल? परवाही हीच हवा होती. तेव्हा पाठ सीटमध्ये अशी रुतली नव्हती.

धाकटा : टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा कोंबायचा जोर, मी वाढवला. काल, लॅपटॉप लावून.

दाजी : किती?

धाकटा : थोडा.

दाजी : तुझा ‘थोडा’ मला ठाऊक आहे. थोडे दिवस राहतो म्हणून आलास, आता माडीवरच्या खोलीला तुझं कुलूप आहे. किती?

धाकटा : जवळजवळ दीडपट.

दाजी : आणि मला विचारावंसं वाटलं नाही?

धाकटा : विचारलं होतं. याच बाकड्यावर बसून. “इंजिनातले पिस्टनचे रॉड कंपनीचे आहेत ना?” तुम्ही म्हणालात, “कंपनीचेच आहेत, निर्धास्त राहा.”

दाजी : मग खोटं काय त्यात? कंपनीचेच आहेत. गाडीबरोबर आलेले.

धाकटा : गाडीच्या कंपनीचे? मी आपण मागवलेल्या जास्त मजबूत, फोर्ज्ड रॉडच्या कंपनीबद्दल विचारत होतो. तेव्हा घरात दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव तरी निघत होतं का?

दाजी : गॅरेजमध्ये ‘कंपनीचं’ म्हणजे गाडीच्या कंपनीचं. दारातलं कुत्रंही सांगेल.

ताई : थांबा. मला सावकाश सांगा, कारण शर्यतीत गाडी मी चालवते. जुने रॉड एवढा जोर झेलतात?

धाकटा : रोजच्या वापराला जन्मभर पुरतील. बूस्ट थोडा चढवला तरी चालतात. दीडपटीला मात्र एखादा वाकतो. नाहीतर तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, आणि तेल चाकांखाली.

ताई : त्या वेळी मी कुठे?

धाकटा : वळणावर असलीस तर... नको ना, ताई.

ताई : नव्या रॉडचं खोकं माझ्यादेखत आलं होतं. इंजिन तुम्ही उतरवलंत, परत चढवलंत. मग ते गेले कुठे?

दाजी : आहेत. वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे.

ताई : विसरलात?

दाजी : विसरायला ते काय तुझा वाढदिवस आहेत?

धाकटा : मग खरं सांगा, दाजी. दुसऱ्या कुणाच्या गाडीत घालायचे होते का?

दाजी : तुझी धाव तेवढीच. अरे, नवे घातले असते तर तू बूस्ट चढवला असतास आणि ही त्या वळणांवर आणखी सुसाट गेली असती. जुने ठेवले की तुझा हात आपोआप आखडेल, असा माझा हिशेब होता.

ताई : माझ्या गाडीचा हिशेब, मला न सांगता.

दाजी : सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

ताई : नसतं. पण मी स्वतः विचारलं होतं, रॉड बसले का. काय म्हणालात?

दाजी : “बसले.”

ताई : कुठले, ते गिळलंत. मला काय वाटलं ते दिसलं होतं तुम्हांला?

(दाजी हात पुसतात. हात आधीच स्वच्छ आहेत.)

दाजी : दिसलं होतं. दोन दिवस शीळ घालत फिरत होतीस.

धाकटा : मी बूस्ट आत्ता उतरवतो. रविवारच्या शर्यतीला जुन्याच रॉडवर, बेताने—

ताई : रविवारी कोणी कुठे जात नाही.

दाजी : बरं. इंजिन उतरवतो. नवे रॉड तुझ्यासमोर घालतो. मग तर झालं?

ताई : ब्रेक कुणी बसवलेत?

दाजी : मीच. अगं, ब्रेकमध्ये मी कशाला काही—

ताई : आधी ते खोला.