आमच्या घरातला दुसरा माणूस

झोप? कुठली झोप! चार दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही, आणि काळजी तरी कसली होती म्हणता… माझा नवरा हा माझाच नवरा आहे, हे माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीला पटवायचं कसं! हसा, हसा. दुसऱ्या कुणाच्या घरात घडलं असतं तर मीही हसले असते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई आहे हो मी! दोनशे गवतं नुसत्या पात्यावरून वेगळी सांगते, आणि घरातल्या एका माणसाची ओळख पटवता येईना…

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमचे हे, कदिरवन, सिनेमात आहेत. म्हणजे आहेतही आणि नाहीतही. आम्ही राहतो वडपळणीला, इथे दर जिन्यात एक तरी सिनेमातला माणूस निघतोच, आमच्या जिन्यात हे. एका मोठ्या हिरोचे डूप. तीच उंची, तेच खांदे, मिशी चिकटवली की तोच चेहरा. हिरोचा डबल रोल असला की एक हिरो समोर तोंड करून रडत असतो आणि दुसरा पाठमोरा उभा असतो ना? तो पाठमोरा आमचा. बारा वर्षं या माणसाने नुसत्या पाठीने अभिनय केलाय! आणि अत्तै, म्हणजे माझ्या सासूबाई, दर सिनेमाच्या पहिल्या खेळाला जाऊन अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं ओरडतात, "तो बघा, तो डावा खांदा! माझा मुलगा!"

तर हा नवा सिनेमा. खुनाचा. एकसारखे दिसणारे दोघं, एक कुंभकोणमच्या कापडदुकानातला गरीब कारकून, दुसरा परदेशात वाढलेला बदमाश. बदमाश कारकुनाला मारतो, त्याचाच शर्ट अंगात घालतो, त्याच्याच घरी जाऊन त्याच्याच पानावर जेवायला बसतो, आणि बायकोला काही म्हणजे काही कळत नाही! (हे मला तिथेच टोचलं होतं, पण ते राहू दे.) कारकून बिचारा बेवारस म्हणून शवागारात, पायाच्या अंगठ्याला नंबर बांधून. आता हिरो म्हणाला, प्रेत होऊन मी झोपणार नाही, ज्योतिषाने सक्त मनाई केलीय. डायरेक्टरने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "कदिर, तू झोप."

झालं! बारा वर्षांत पहिल्यांदा यांचं तोंड कॅमेऱ्यासमोर. पुरे आठ सेकंद! डोळे मिटलेले, नाकात कापूस, पण तोंड! त्या दिवशी हे घरी आले ते हलवा घेऊन, गजरा घेऊन, जसं काही बढतीच मिळाली. लेकीला, इनियाला, उचलून म्हणाले, "कुट्टी, आता अप्पा खरेखुरे दिसणार हं!"

आणि साडेचार वर्षांच्या पोरीला खुनाच्या सिनेमाला नेलं कुणी? मी. एम.एस्सी. केलेल्या बाईने. म्हटलं, बापाचं तोंड येईल तेवढं बघेल आणि बाकीचा वेळ झोपेल. झोपते कसली! शवागार आलं, इनिया खुर्चीवर उभी राहून किंचाळली, "अप्पा!" अत्तै टाळ्या वाजवतायत, "माझा मुलगा! माझा मुलगा!" मागचे लोक ओरडतायत, "आजी, मेलाय तो, बसा खाली!" आणि पडद्यावर तो दुसरा, तोच चेहरा घेऊन, तोच शर्ट घालून, घरात शिरतोय…

मग येते ती इन्स्पेक्टरबाई. कारकुनाच्या घरी बसते, पाणी मागवते, आणि नुसती बघत राहते. आमच्याकडे टंबलर ओठाला लावत नाहीत, वरून धार सोडायची, पोर बसायला लागलं की पहिलं हेच शिकवतात. बदमाशाने टंबलर उचलला… आणि ओठाला लावला! थिएटर गरजलं. माझी मुलगी मात्र गप्प. ती गप्प झाली की मला ताप भरतो.

दुसऱ्या दिवशी अत्तैंनी कौतुकाने चकलीसारखे कडक मुरुक्कू तळले. यांनी पहिलाच चावला आणि दाढ तडकली! डॉक्टरने काहीतरी भरलं आणि सांगितलं, आठवडाभर त्या बाजूला पाणी लागू द्यायचं नाही. वरून धार सोडली की नेमकी दाढेवर. मग काय, बसले जेवायला आणि टंबलर लावला ओठाला, हळूच, तिरका…

इनियाच्या हातातली इडली तशीच राहिली. "अम्मा, त्याने ओठ लावला."

त्याने! अप्पाचा 'तो' झाला बघा एका घोटात. म्हटलं, अगं, दाढ दुखतेय अप्पांची! तर म्हणते, "सिनेमातला तो पण असंच खोटं बोलतो." लग्नाचा अल्बम दाखवला. "चेहरा तर त्याचाही तसाच आहे." अप्पा शवागारात नुसते झोपले होते गं, नंतर उठले! "कुणी बघितलं?" आता मी तरी कुठे बघितलं होतं? एम.एस्सी.ला हेच शिकले मी, पुरावा पाहिजे. पुरावा नाही!

अत्तैंची मदत विचारू नका. म्हणतात, "अगं वेण्णिला, खरं सांगू? लहानपणापासून वरूनच पितो हो हा. मलाही कसंतरीच वाटलं."

अत्तै, तुम्ही जन्म दिलाय त्यांना!

"हो गं, पण खात्री असलेली बरी."

आणि मी? मी यांच्याकडे चोरून बघायला लागले. कमरेच्या वेष्टीची गाठ उजवीकडेच मारायचे ना हे? सिनेमातल्या त्या बायकोला सगळ्यात शेवटी कळतं हो!

पण यांचं काय झालं ते सांगते. हे खोलीत असले की इनिया जेवेना, म्हणून हे पान घेऊन जिन्यात जाऊन बसायला लागले. रोज स्कूटरवरून शाळेत सोडायचे, माझ्या ओढणीने तिला पाठीशी बांधून. तेही बंद, मीच रिक्षाने न्यायला लागले. काल मी जिन्यात भाजी वाढायला गेले तर म्हणाले, "बारा वर्षं वाटायचं, पोरीने एकदा माझं तोंड बघावं पडद्यावर. बघितलं." आणि भात चिवडत बसले.

आज सकाळी ते काही न बोलता आत आले, इनियासमोर मांडी घातली, गार पाण्याचा टंबलर उचलला आणि वरून धार सोडली. मी म्हटलं, अहो, दाढ! पाणी लागलं, हे कळवळले, ठसका लागला, नाकातोंडातून पाणी, शर्ट चिंब…

"बघ," इनिया मला म्हणाली. "जमत नाही त्याला."

यांनी टंबलर खाली ठेवला. ओला शर्ट काढला आणि वळून दाराकडे निघाले. मान खाली.

"थांब."

हे थांबले, पाठमोरेच. इनिया उठली. मागून गेली, दोन खांद्यांच्या मध्ये नाक खुपसलं, स्कूटरवर खुपसते तसं, आणि चांगला लांब वास घेतला.

"हे अप्पा आहेत."

बारा वर्षांची पाठ थरथरायला लागली हो! अत्तै रडतायत, मी रडतेय, रडून रडून उचकी लागली म्हणून पाण्याचा टंबलर उचलला, वर धरला, आणि तेवढ्यात पुढची उचकी आली…

लागला. टंबलर ओठाला लागला.

इनियाने बापाच्या पाठीमागून डोकं काढलं आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"पाट्टी," ती आजीला म्हणाली, "अप्पा सापडले. आता अम्माला शोधायचंय."