शस्त्रस्पर्धा आणि माझा डावा कान

ये, या उजव्या बाजूला बस. डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाय.

कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो न्हवं मी? गल्लीतल्या दोन्ही मंडळांची पोरं माझ्याच वर्गात. एकमेकांच्या भीतीनं देश शस्त्रं कशी वाढवत जातात, हे जीव तोडून शिकवलं. वाटलं, यंदा गणपतीत साऊंड तरी कमी लावतील.

मिरवणुकीत दोघांच्याही स्पीकरच्या भिंती दुप्पट, आणि समोरासमोर आल्या त्या माझ्या दारात! एकाला धरलं, "शिकवलेलं पटलं न्हाय व्हय रे?"

तो डाव्या कानात ओरडला, "पटलं की सर! समोरच्याच्या मनातलं कळत न्हाय, म्हणून आपण तयारीत राहायचं."

"आणि समोरचा?"

"त्यो बी तुमचाच विद्यार्थी हाय की!"

या कानानं ऐकलेलं ते शेवटचं.