झरीचं वरण

शहात्तर साल असेल, मी झरीच्या शाळेत मास्तर होतो. विरुद्धार्थी शब्द चालले होते. विचारलं, "दाटच्या उलट काय?"

सगुणा उठून म्हणाली, "पाहुणे."

"ते कसं गं?"

"पाहुणे आले की माय वरणात तांब्याभर पाणी वततीय."

वर्ग खिदळला. मी घाईनं पुढचा शब्द विचारला, कारण त्याच संध्याकाळी मला तिच्याच घरी जेवायला बोलावलं होतं.

गेलो. वरण वाढलं ते इतकं दाट, की भातावरून खाली उतरेना. मी म्हणालो, "ताई, आज वरण लय दाट झालंय."

सगुणाची माय अजिबात न हसता म्हणाली, "गुरुजी, तुमी घरचेच. पाहुण्यायचं वरण कसं आसतंय, ते समद्या शाळंला म्हाईत झालंय."