आजची तुलना: चार स्पेशल

बाबा: पिझ्झाच्या कडेबद्दल बोल, कडेबद्दल! नुसतं 'छान आहे' म्हणून कसं चालेल? लोकांनी त्यातून काय समजायचं?

आई: छान आहे तर छान म्हणते. कडा म्हणजे काय, पावाचा तुकडा. जाड आहे. माझा हा डावीकडचा दात आधीच हलतोय, त्यात हे चावायचं म्हणजे शिक्षा आहे.

बाबा: मग हेच सांग ना! 'दात दुखत असतील तर चार चीज स्पेशलच्या वाटेला जाऊ नका.' उपयोगाची माहिती आहे ती.

आई: दात दुखणारे तुमचे व्हिडिओ बघत नाहीत हो. न दुखणारेही बघत नाहीत.

बाबा: परवा बरेच जण होते.

आई: त्यातले निम्मे तुम्हीच. दिवसभर उघडून बघत बसता, आणि वर म्हणता आकडा वाढला.

बाबा: बरं, चालू करतो. उजेड आहे तोवर उरकू या. फोनकडे बघ, माझ्याकडे नको. आणि तो साखरेचा डबा हलवू नकोस, फोन त्याला टेकवलाय. हं. नमस्कार मंडळी! आज आपण चार स्पेशल पिझ्झांची तुलना करणार आहोत. पहिला, चार चीज स्पेशल. ओढला की तार सुटते, पण मीठ जास्त. दहापैकी सहा. दुसरा, बार्बेक्यू चिकन. गोडसर आहे. सॉस ओतून मोकळे झालेले नाहीत, नीट कडेपर्यंत पसरलाय. ज्यानं पसरलाय त्याचा हात हलका आहे. दहापैकी साडेसात. आता तिसरा, मशरूम स्पेशल. हा आमच्या सौभाग्यवती सांगतील.

आई: मशरूम मऊ आहे. कांदा कच्चाच ठेवलाय, तो करकर लागतो. खाली करपलेलं नाही. आणि मिरी आहे भरपूर. तुला आवडते ना गं मिरी? लहानपणी अंड्यावर इतकी घालायचीस की सगळं घर शिंकत बसायचं...

बाबा: थांब, थांब! बंद केला मी.

आई: तोंडातून गेलं.

बाबा: काय ठरलंय आपलं? 'तू' नाही, 'गं' नाही, लहानपण नाही. फक्त पिझ्झा. ती बघत असली आणि तिला वाटलं की हे सगळं तिला घरी ओढायला चाललंय, तर पुन्हा ढुंकून बघणार नाही. आपल्या मुलीचा स्वभाव ठाऊक नाही का तुला?

आई: गेलाय कुणावर तो स्वभाव!

बाबा: माझ्यावर. म्हणून तर सांगतोय.

आई: दोन वर्षं झाली हो. फोन लागत नाही. भाड्याची खोली सोडून गेली. जिवंत आहे की... आणि आपण दर रविवारी इथं बसून पिझ्झाला मार्क देतोय. पेपर तपासायची सवय जाईना तुमची.

बाबा: तिनं बदाम दिला होता.

आई: एकदा.

बाबा: एकदा तर एकदा! आपल्या पहिल्याच व्हिडिओवर, तिच्या नावानं, पिवळ्या टोपीतल्या तिच्या फोटोनं. लाल बदाम. तू फोन छातीशी धरून रडलीस. विसरलीस?

आई: कशी विसरेन? अजून त्याच्यावरच तर जगतेय. पण पुढं काही नाहीच ना. वर्ष होईल आता. मला तर वाटतं, चुकून बोट लागलं असेल तिचं.

बाबा: काहीतरी बोलू नकोस. मी त्या व्हिडिओत काय म्हटलं होतं? 'बनवणाऱ्याच्या हाताला चव आहे.' माझ्यासारख्या माणसाला याहून जास्त माफी मागता येत नाही. तिला ते कळलं, म्हणून बदाम आला.

आई: हेच त्या दिवशी तिच्या तोंडावर म्हणायचं होतं. मॅनेजर झाले, पिझ्झाच्या दुकानात या म्हणून किती हौसेनं बोलावलं होतं पोरीनं आपल्याला. आणि तुम्ही भर गिऱ्हाइकांसमोर...

बाबा: मला पाठ आहे मी काय बोललो ते. पुन्हा म्हणून दाखवू नकोस.

आई: 'एवढं शिकवलं ते पिठाचे गोळे थापायला का?' असं म्हणालात तुम्ही. म्हणून दाखवते मी. म्हणणारच. तिचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत, तुम्ही दाराकडे निघाला होता. मी पाहिलाय.

बाबा: चौथा डबा अजून आला नाही.

आई: हं. बदला विषय.

बाबा: अगं, खरंच आला नाही. तिखट स्पेशल मागवला होता, त्यांनी दुसरा मशरूमच पाठवला. फोन केला तर म्हणतात, जवळच्या दुकानात संपलाय, पुलापलीकडच्या दुकानातून पाठवतो.

आई: पुलापलीकडच्या? तिच्या दुकानातून?

बाबा: तिचं कुठलं आता. सोडून गेली ना ती.

(दारावरची बेल.)

डिलिव्हरीवाला: नमस्कार! तिखट स्पेशल तुमचाच ना? माफ करा हं, पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. अरेच्चा! थांबा, थांबा. हे डबे, ही खिडकी... तुम्ही ते मार्कवाले सर! आणि या वहिनी!

आई: तुम्ही बघता?

डिलिव्हरीवाला: बघता म्हणजे काय वहिनी! आमच्या दुकानात अख्खी मंडळी बघायची. 'दहापैकी साडेसहा, उत्तीर्ण!' आम्ही एकमेकांना तसंच म्हणायचो. मी तेव्हा आत भट्टीवर होतो. गुडघे जरा बरे झाले म्हणून आता गाडीवर टाकलंय मला, म्हातारपणी. तुमचा पहिला व्हिडिओ तर मला तोंडपाठ आहे.

बाबा: बसा ना. बसा तुम्ही. पहिला कोणता?

डिलिव्हरीवाला: तो हो, तुम्ही एकटेच होता. खाल्लात आणि म्हणालात, 'बनवणाऱ्याच्या हाताला चव आहे.' सर, इतकी वर्षं भट्टीपुढं भाजून निघतोय, कुणी असं म्हटलं नव्हतं बघा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिथल्या तिथं बदाम ठोकला.

आई: कुणी? तुम्ही?

डिलिव्हरीवाला: मीच. म्हणजे नाव माझं दिसलं नसेल. काउंटरवर दुकानाचा फोन असायचा, त्यात आमच्या आधीच्या मॅनेजरबाईंचं खातं उघडंच राहिलं होतं. त्या नोकरी सोडून गेल्या, ते काढायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही रिकाम्या वेळात त्याच्यावरच बघत बसायचो. पुढं कुणीतरी तो फोन पाडला, झालं, करमणूकच गेली. नाहीतर प्रत्येक व्हिडिओला दिला असता सर बदाम, शप्पथ.

आई: बाईंनी नव्हता दिला? नक्की?

डिलिव्हरीवाला: त्यांना काय पत्ता? त्या गेल्या आणि मग कितीतरी महिन्यांनी तुमचा व्हिडिओ आला. का हो वहिनी? काही चुकलं का माझं?

बाबा: नाही, नाही. तिला जरा कमी ऐकू येतं. कशा होत्या तुमच्या या मॅनेजरबाई?

डिलिव्हरीवाला: सोन्यासारखी पोर, सर. मी वयानं थोरला, तर कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. स्वतः पीठ मळायला उभ्या राहायच्या. पण आतून काहीतरी लागलेलं होतं.

आई: त्यांना यातला कोणता आवडायचा? चारांतला?

डिलिव्हरीवाला: एकही नाही! पिझ्झा खायच्याच नाहीत त्या. वासानंच पोट भरतं म्हणायच्या. दुपारी आपला डबा उघडून बसायच्या, सकाळी खोलीवर स्वतः केलेला. दोन घास झाले की झाकण लावायच्या. म्हणायच्या, 'आईसारखं होत नाही, काका.'

आई: असं म्हणायच्या?

डिलिव्हरीवाला: रोज. त्यांचं घरच्यांशी बिनसलं होतं. मी त्या दिवशी कामावर नव्हतो, पण वडील म्हणे दुकानात येऊन नको नको ते बोलून गेले. तरी पोरीला केवढी खात्री! रविवारची सुट्टी कधी घेतली नाही. म्हणायच्या, 'बाबांना रविवारी वेळ असतो. चिडके आहेत, पण येतील.' काचेच्या दारासमोरचं काउंटर सोडायच्या नाहीत. दार उघडलं की मान वर.

बाबा: मग? आले का वडील?

डिलिव्हरीवाला: कसले येतात! दगडाच्या काळजाचा माणूस असणार. पाच-सहा महिने वाट बघितली तिनं. मग एका रविवारी संध्याकाळी टोपी काढून काउंटरवर ठेवली, म्हणाली, 'काका, बास झालं आता.' आणि गेली.

आई: कुठं?

डिलिव्हरीवाला: देव जाणे. मालकांनी कामाचा दाखला द्यायला फोन लावला, तर नंबरच बंद. कुणी म्हणतं दुसऱ्या देशात गेली, कुणी काही. आम्हालाही तोडलं. जाऊ द्या, मीही कुठली रडगाणी काढून बसलो. तुमचा पिझ्झा निवतोय. गरम आहे तोवर मार्क द्या त्याला. मिरच्या मीच टाकल्यात आज, सढळ हातानं.

बाबा: देतो. देतो ना.

डिलिव्हरीवाला: येतो सर. येतो वहिनी. बंद करू नका हं व्हिडिओ. आमच्यासारख्यांना बरं वाटतं.

आई: सांभाळून जा.

बाबा: गेला?

आई: गेला.

बाबा: बोललीस का नाहीस, की तो बाप मीच म्हणून?

आई: कशाला? बिचारा चांगलं बोलून गेला. त्याला जन्मभर खात राहिलं असतं. आणि तुम्ही तरी कुठं बोललात? मला बहिरी केलीत.

बाबा: दर रविवारी, म्हणाला.

आई: ऐकलं मी. मला ऐकू येतं.

बाबा: अगं, मी दर रविवारी तयार होऊन बसायचो. शर्ट बदलायचो. तू विचारायचीस, कुठं निघालात, आणि मी म्हणायचो, कुठं नाही. वाटायचं, मी गेलो आणि तिनं तोंड फिरवलं तर? तेवढ्याला घाबरलो. आणि ती तिकडं दाराकडं...

आई: बास करा. मला नाही ऐकवत. मला तुमचा इतका राग येतोय की समोर बसवत नाही. आणि माझा त्याहून जास्त. मला कुणी धरलं होतं? मी एकटी जाऊ शकत नव्हते? आधी तुम्ही जा, मग मी जाईन म्हणत बसले. तिच्यासारखीच मीही तुमचीच वाट बघत राहिले.

बाबा: आता काय करायचं गं?

आई: काय करणार? तो बदाम होता, तोही गेला. कुणाला दाखवायचं आता हे? ते फोनबिन उचला तिथून.

बाबा: उचलला.

आई: डबे झाकते. उद्या भांडीवालीला देईन, तिची मुलं खातील. अहो, शर्ट का बदलताय? कुठं निघालात?

बाबा: पुलापलीकडं.

आई: दुकानात? आता कोण आहे तिथं? तो सांगून गेला ना, कुणालाच काही ठाऊक नाही.

बाबा: ऐकलं मी.

आई: मग कुणाला भेटणार आहात?

बाबा: कुणाला नाही. तिथं जायचं राहिलंय माझं, तेवढं जाऊन येतो.