डाव्या डोळ्याखालचा तीळ

कॅमेऱ्याच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे फोटोग्राफर आणि त्यांची मुलगी उभी होती.

“बाबा, तुमच्या त्या मोठ्या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या नव्या लेन्स आल्यात. एक लावून तरी बघा.”

“कुणावर तपासू? तुझी आई तर गेली.”

“समोरच्या कपाटावर तपासा की.”

“पस्तीस वर्षं प्रत्येक नवी लेन्स तिच्याच चेहऱ्यावर तपासली. डाव्या डोळ्याखालचा तीळ नीट उमटला, तरच घ्यायची.”

“वैतागायची ती.”

“वैतागायची, पण पापणी हलू द्यायची नाही.”

“मग आज मी बसते.”

“तुला तीळ कुठंय?”

“आहे, बाबा. तिथंच आहे, बारीकसा. इतक्या जवळून माझा फोटो तुम्ही कधी काढलाच नाहीत.”

“वळ बघू जरा उजेडाकडे.”